शेपटीवरचा डोळा

मासा ओळखायचा तर त्याच्या रंगाचं ऐकू नये. कॉलेज सुरू झालं की दरवर्षी मी अकरावीच्या पोरांना हे सांगतो आणि दरवर्षी ती वहीत पहिल्याच ओळीत रंग लिहितात. ‘काळपट तपकिरी, पोट पांढरट.’ हे वर्णन मरळीला लागू, मागुराला लागू, शिंगीला लागू आणि स्टाफरूममधल्या निम्म्या मास्तरांनाही लागू. पोरांचा दोष नाही म्हणा. डोळ्याला आधी रंगच दिसतो, आणि जे आधी दिसतं त्यावरच माणूस अडकून बसतो.

आमची मरळच घ्या. भंडारा जिल्ह्यातलं आमचं गाव धानाचं, आणि धान म्हटलं की तलाव आलाच. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे हजारो जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या लोकांनी ते बांधले, पुढे शेतसारा गोळा करणाऱ्या मालगुजारांकडे गेले म्हणून मालगुजारी तलाव झाले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, नाव मात्र अजून मालगुजारांचंच. आमच्या तलावात एप्रिल-मे महिन्यात पाणी चिखलाच्या रंगाला येतं तेव्हा निघणारी मरळ फिकी, मातकट असते. तीच दिवाळीच्या सुमारास कमळाच्या पानांखालून काढली तर पाठ जवळजवळ काळी आणि कुशीवर तिरपे पट्टे असे ठसठशीत की वाटावं, ही कोणी दुसरीच. पांढऱ्या बादलीत टाकून घरी आणेस्तोवर ती पुन्हा उजळते. एका माशाचे तीन रंग, आणि तिन्ही खरे.

मग ओळखायचं कशावरून?

आमच्या प्रयोगशाळेत एका कपाटात फॉर्मॅलिनच्या बरण्या आहेत. माझ्या आधीच्या मास्तरांनी जमवलेल्या. त्यातले सगळे मासे आता एकाच रंगाचे झालेत, फिक्या चहाच्या. काहींच्या चिठ्ठ्या वाळवीनं खाल्ल्या. मला त्या बरण्यांचा आधी कंटाळा यायचा, आता त्याच सगळ्यात उपयोगाच्या वाटतात, कारण रंग गेल्यावर माशाजवळ जे उरतं ते मोजता येतं. पंखातले कडक काटे, मऊ काड्यांसारखी किरणं, डोक्याकडून शेपटीकडे कुशीवरून जाणाऱ्या रेषेवरचे खवले, जबड्याची लांबी. शास्त्रज्ञांनी तरी दुसरं काय केलं? आमच्या मरळीला शास्त्रीय नाव देणारा ब्लॉख हा बर्लिनचा डॉक्टर. १७९३ मध्ये त्यानं मरळीचं वर्णन छापलं, पण तो हिंदुस्थानात कधी आला नाही. समुद्रापलीकडून आलेला मेलेला मासा त्याच्या टेबलावर होता. मरळ पाण्यावर येऊन हवेचा घोट घेते तेव्हा होणारा तो ‘टुप्’ आवाज त्याच्या कानावर कधी पडला नसणार. तरी त्यानं केलेल्या वर्णनावरून आजही मरळ ओळखता येते.

मोजण्याची रीत सोपी आहे, वेळखाऊ मात्र आहे. पाठीचा पंख टाचणीनं उचलायचा, उजेडासमोर धरायचा आणि डोक्याकडून शेपटीकडे एकेक किरण मोजत जायचं. शेवटची दोन किरणं एकाच बुडातून निघाली असतील तर ती एक धरायची. आपल्याकडच्या पट्ट्यांच्या मरळीला ही किरणं साधारण ३७ ते ४६ भरतात. तिची थोरली बहीण, जी नद्यांच्या डोहांत आणि मोठ्या धरणांत वाढते आणि मीटरभरापेक्षा लांब होऊ शकते, तिला ४५ ते ५५. आता ४५ किंवा ४६ आली तर पंचाईत. मग अंगावरच्या रेषेवरचे खवले मोजायचे: पट्ट्यांच्या मरळीला पन्नास ते सत्तावन्न, थोरलीला साठ ते सत्तर. तिथे गोंधळ नाही. तिसरी एक ठिपक्यांची, वीतभर, फार तर फूटभर होणारी. तिला गावागणिक वेगळं नाव आहे. तिच्या रेषेवर चाळीसच्या आसपासच खवले. चौथी तर त्याहून लहान, ओढ्या-नाल्यातली, पंखांना नारिंगी कड आणि छातीच्या पंखावर कमानदार पट्टे असलेली. चौघींचं डोकं वरून चपटं, मोठ्या खवल्यांनी मढलेलं, सापाच्या डोक्याची आठवण देणारं. चौघींच्या पाठीवर आणि पोटाखाली लांबच लांब पंख. चौघी हवा पितात. जाळ्यात अडकून वर येता आलं नाही तर मरळ गुदमरून मरते, पाण्यात बुडून.

हे किरणं मोजणं बाजारात फजितीचं वाटतं, तरी बाजारातच त्याची खरी गरज असते. आमच्या तालुक्याच्या आठवडी बाजारात ठिपक्यांची वीतभर मासळी ‘मरळीचं पिल्लू’ म्हणून सर्रास खपते. मरळ म्हटली की भाव चढतो, कारण बाळंतिणीला, ऑपरेशन झालेल्याला मरळीचा रस्सा द्यायचा हे आपल्याकडे डॉक्टरपेक्षा आधी ठरलेलं असतं. शिवाय ती जिवंत विकता येते. मागुराच्या बाबतीत तर याहून वाईट आहे. ‘थाई मांगूर’ म्हणून जो दांडगा मासा येतो तो थायलंडचाही नाही आणि आपलाही नाही, मूळ आफ्रिकेचा. त्याच्या पाळण्या-विकण्यावर देशात बंदी आहे. तरी येतो. त्यावर वेगळं लिहावं लागेल, कारण त्याच्या नावानं माझं डोकं तापतं आणि आजचा विषय भलतीकडे जाईल.

आजचा विषय खरं म्हणजे माझ्या भाच्यानं काढला. तो फ्लोरिडात नोकरीला आहे, मायामीच्या वरच्या अंगाला, ब्रॉवर्ड काउंटीत. त्या भागात घरांच्या मागून कालवे गेलेत. लहानपणी तो आमच्याकडे सुट्टीत आला की तलावाच्या पाळीवरून हलायचा नाही. तिकडे जाऊन त्यानं परवाना काढला आणि शनिवार-रविवार गळ टाकून बसायला लागला. मग सुरू झाले फोटो. ‘मामाजी, हा कोणता होय?’

पहिला आला तो बास. हिरवट पाठ, कुशीतून डोळ्यापासून शेपटीकडे गेलेला काळा तुटक पट्टा, आणि तोंड एवढं की त्याची मूठ आत जाईल. मला बास पुस्तकातूनच माहीत. तो उत्तर अमेरिकेचा, गोड्या पाण्यातला, आणि तिकडच्या गळवाल्यांचं दैवत. त्याच्या ओळखीचा पहिला नियम पोरंसुद्धा घोकतात: तोंड मिटलेलं असताना वरच्या जबड्याचं टोक डोळ्याच्या मागच्या कडेच्याही मागे जात असेल तर तो मोठ्या तोंडाचा, म्हणजे लार्जमाउथ. जबडा डोळ्याखालीच थांबला तर स्मॉलमाउथ किंवा स्पॉटेड. छान नियम आहे. पण भाच्याच्या फोटोत माशाचं तोंड त्यानं अंगठा घालून उघडलेलं, जबडा पार पुढे ताणलेला. सगळे गळवाले असाच फोटो काढतात, आणि ओळखीसाठी तो फोटो निकामी असतो. मी त्याला लिहिलं, तोंड मिटून आडवा धर, पाठीचा पंख उभा कर आणि मग काढ.

पिल्लांत हा जबड्याचा नियमही चालत नाही. लहान लार्जमाउथचा जबडा डोळ्याच्या मागे पोचलेलाच नसतो. तिथे पाठीचा पंख पाहायचा. लार्जमाउथच्या काटेरी आणि मऊ पंखांमध्ये खाच एवढी खोल की ते दोन वेगळे पंख वाटावेत. बाकीच्या दोघांत ती उथळ, पंख सरळ जोडलेला. स्पॉटेडच्या जिभेवर बोट फिरवलं तर खरखरीत दातांचा चट्टा लागतो, पोटाकडे ठिपक्यांच्या ओळी असतात आणि गालावरचे खवले अंगावरच्यांपेक्षा स्पष्ट बारीक. स्मॉलमाउथ तांबूस, उभ्या पट्ट्यांचा, पुष्कळदा लाल डोळ्याचा आणि थंड पाण्यात रमणारा. तो भाच्याच्या कालव्यात असण्याचं कारण नाही. ओळखण्याचा हाही एक मार्ग आहे आणि मला तो फार आवडतो: मासा कोण आहे हे विचारायच्या आधी पाणी कोणतं आहे ते विचारायचं.

या बासच्या कुळाला ‘छोट्या पंखाचा’ अशा अर्थाचं नाव आहे, त्यामागची हकिकत मी वर्गात दरवर्षी सांगतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लासेपेदनं १८०२ मध्ये ते ठेवलं. त्याच्यापुढे आलेल्या माशाचा पाठीचा पंख फाटलेला होता. मागची काही किरणं सुटून वेगळी झाली होती, आणि त्याला वाटलं की या माशाला मागे एक वेगळाच चिमुकला पंख असतो. झालं. त्या एका जखमी माशापायी सगळं कूळ अजून छोट्या पंखाचं म्हणवून घेतं. मोजणीवर माझा भरवसा आहे. पण मोजणाऱ्याच्या टेबलावर कोणता मासा येतो यावरही बरंच काही ठरतं.

आणि मोजणीलाही सीमा आहे. भाच्याचा मासा सगळ्या खुणांनी लार्जमाउथ ठरला, त्यानं तसं घरच्या ग्रुपवर टाकलंही. पण दक्षिण फ्लोरिडातला बास आणि बाकी अमेरिकेतला लार्जमाउथ या दोन वेगळ्या जाती आहेत हे २०२२ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून पक्कं झालं. गंमत अशी की, जुनं शास्त्रीय नाव फ्लोरिडावाल्याकडे गेलं आणि बाकीच्या देशातल्या प्रसिद्ध लार्जमाउथला दुसरं नाव घ्यावं लागलं. दोघांच्या खवल्यांची संख्या एकमेकींत मिसळते, शिवाय गळवाल्यांच्या सोयीसाठी फ्लोरिडाचा बास इतर राज्यांत नेऊन सोडला, तिथे संकरही झाले. हातात धरलेला मासा या दोहोंतला कोणता हे डोळ्यांनी खात्रीनं सांगता येत नाही. भाचा नाराज झाला. ‘मग मी पकडलं काय?’ मी म्हटलं, तुझ्या कालव्यात आहे म्हणजे फ्लोरिडाचा बास, असं पाण्यावरून म्हण.

दुसरा फोटो आला तेव्हा योगायोगानं मासेमार ढीवरांच्या मोहल्ल्यातली मावशी घरी आली होती. माशांची पाटी घेऊन ती आमच्या दारी येते ते माझ्या आईच्या वेळेपासून. आता तिचे गुडघे गेलेत, पाटी सुनेच्या डोक्यावर असते, ती फक्त सोबत येते आणि सुनेचा भाव दुरुस्त करते. मी तिला फोन दाखवला. पिवळा-हिरवा मासा, अंगावर तीन काळे उभे पट्टे, आणि शेपटीच्या बुडाशी सोनेरी कडेचा काळा गोल. भाच्यानं खाली लिहिलं होतं ‘पीकॉक बास’.

मावशीनं फोन दूर धरला, जवळ धरला.

‘टिलापीच्या घरचा दिसते जी हा.’

‘कशावरून मावशी?’

‘आता कशावरून काय सांगू? तोंड पाहा ना त्याचं. ओठ पाहा. अन् काटे कसे उभे केले त्यानं.’

मी तिच्याकडे पाहत राहिलो, कारण ती शंभर टक्के बरोबर होती. पीकॉक बास हा बास नाहीच. तो दक्षिण अमेरिकेतला सिक्लिड, म्हणजे टिलापियाच्याच कुटुंबातला. फ्लोरिडाच्या सरकारी मत्स्य खात्यानंच १९८४ मध्ये तो तिथल्या कालव्यांत सोडला, कशासाठी, तर बाहेरून येऊन माजलेला टिलापिया खाऊन टाकावा म्हणून. भावकीतला सोडला भावकीवर. पुरावा म्हणून मी फोटो मोठा केला आणि नाक शोधलं. बासच्या थोबाडाच्या प्रत्येक बाजूला नाकपुडीची दोन भोकं असतात, सिक्लिडांना एकेकच. एकच होतं. मावशीला दाखवलं तर ती म्हणाली, ‘नाक कोण पाह्यते बापा मासोळीचं?’

तिची रीत अशी. ती आधी ओळखते आणि कारण विचारलं तर चिडते. पण तिच्या चिडण्यातून मी जे काढून घेतलंय ते असं. पाटीत हात घातला की पहिला प्रश्न: टोचतं की नाही? टिलापी टोचते. शिंगीचा काटा लागला तर हात रात्रभर ठणकतो. मरळ टोचत नाही. आता पुस्तक उघडा. पंखात कडक काटे आहेत की मऊ किरणं, हा माशांच्या वर्गीकरणातला अगदी पायाचा प्रश्न आहे. मरळीच्या एवढ्या लांब पंखात एकही कडक काटा नाही. बासच्या पुढच्या पंखात आहेत, टिलापीच्या आहेत, आणि आमच्या तलावात जाळ्याच्या तळाशी येणारा तो पारदर्शक चिमुकला चांदा, ज्याची हाडं बाहेरून दिसतात आणि जो दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खातो, त्याच्याही पंखात आहेत. दुसरा प्रश्न: धरल्यावर कुठून निसटतं? मरळ मागे सरकत निसटते, म्हणून तिला डोक्यामागे अंगठ्यानं दाबून धरायचं. तिसरा: किती वेळ जगतं? कतला पाटीत पडला की संपला, मरळ संध्याकाळपर्यंत तुमच्याकडे पाहत असते. या तिन्ही प्रश्नांत रंग नाही. पहाटे अंधारात जाळं ओढून पाट्या भरणाऱ्या बायकांच्या ओळखीत रंग येणार तरी कुठून?

मी मात्र त्या शेपटीवरच्या गोलावर अडकलो होतो.

कारण तसाच गोल आमच्या थोरल्या मरळीला असतो. शेपटीच्या बुडाशी, वरच्या बाजूला, नारिंगी कडेचा काळा डोळा. लहानपणी अगदी रेखीव, वय वाढलं की कधी पुसट होतो, कधी टिकतो. इंग्रजीत तिला त्या डोळ्यावरूनच नाव पडलंय. माशांच्या शेपटीवर असा खोटा डोळा असण्याचा उपयोग उघड आहे. झडप घालणारा डोळ्यावर नेम धरतो. नेम शेपटीवर पडला तर पंख फाटतो, डोकं वाचतं. पण ओळख करणाऱ्यासाठी ही भलतीच खट्याळ खूण आहे. फ्लोरिडाच्या पाण्यात असा डोळा मिरवणारे निदान तीन मासे आहेत आणि तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक हा पीकॉक बास. दुसरा बोफिन, तिथला मूळ रहिवासी, फार पुराण्या वंशाचा. त्याच्या नराच्या शेपटीवर डोळा असतो. आणि तिसरी आमच्या थोरल्या मरळीच्या घरची.

हो, मरळच. ब्रॉवर्ड काउंटीतल्या पाण्यात २००० मध्ये ती पहिल्यांदा सापडली. माणसांनीच आणून सोडली असणार, दुसरा रस्ता नाही. आता ती तिथे वस्ती करून आहे. अमेरिकेत मरळीच्या जातभाईंची धास्ती आहे. २००२ मध्ये मेरीलँडमधल्या क्रॉफ्टन गावच्या तळ्यात चिनी मरळ निघाली तेव्हा तळ्यात विष घालून सगळे मासे मारले, आणि त्याच वर्षी कायदा आला: या कुटुंबातला एकही मासा जिवंत आयात करायचा नाही, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचा नाही. तरी २००४ मध्ये ती पोटोमॅक नदीत निघालीच. या धास्तीत बोफिन बिचारा फुकट मारला जातो. लांब पाठीचा पंख, दंडगोल अंग, शेपटीवर डोळा, वर येऊन हवा पिणं, सगळंच मिळतंजुळतं. म्हणून तिथली खाती फलक लावून सांगतात की माशाला उलटा करा आणि पोटाखालचा मागचा पंख पाहा. बोफिनचा आखूड असतो, मरळीचा लांब, जवळजवळ अर्ध्या अंगाला पुरणारा. पोटाच्या पंखांची जोडी मरळीत अगदी पुढे, छातीच्या पंखांजवळ. बोफिनमध्ये पोटाच्या मध्यावर.

इकडे जो मासा आजाऱ्याच्या ताटात मानानं येतो, तेलंगणानं ज्या मरळीला राज्यमासा केलं, जिची बोटभर जिवंत पिल्लं दमेकरी मृगाच्या दिवशी हैदराबादला जाऊन गिळतात, ती तिकडे गुन्हेगार. आपल्या महाराष्ट्रानंही २०२३ मध्ये राज्यमासा ठरवला, पापलेट. कोकणाला लखलाभ. आमच्या गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी समुद्र पाहिलेला नाही, त्यांचं मत कोणी घेतलं नसावं.

मरळीत आणि बासमध्ये एक साम्य मात्र खरं आहे, आणि ते अंगावर नाही, वागण्यात आहे. दोघंही पिल्लं राखतात. बासचा नर तळाशी शेपटीनं खळगा करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि तो एकटा राखण करतो. अंडी फुटल्यावरही काही दिवस पिल्लांच्या थव्याबरोबर फिरतो. तो गळाला लागला की आसपासचे लहान मासे मिनिटांत घरट्यावर तुटून पडतात. उत्तरेकडच्या काही राज्यांत म्हणूनच विणीच्या काळात बासवर बंधनं आहेत. आमच्याकडे मरळ पावसाच्या सुरुवातीला कडेच्या गवतात जागा करते, अंडी तरंगतात, आणि मग एखाद्या सकाळी पाळीवरून पाहिलं तर पाण्यावर कुंकू सांडल्यासारखा लाल घोळका हलताना दिसतो. ती पिल्लं. तांबडीलाल, बारीक, हजारोंनी. मोठी झाली की लाल रंग जातो, म्हणजे पाहा, ज्या रंगावरून मरळीचं पिल्लू लांबून ओळखता येतं तो मोठ्या मरळीत औषधालाही उरत नाही. घोळक्याखाली हातभर खोल आईबाप असतात.

हे गळवाल्यांनाही माहीत असतं. बेडकाचं पिल्लू गळाला लावून ते त्या घोळक्यात टपटप आपटायचं. मरळ भूक म्हणून नाही, रागानं झडप घालते. पाच मिनिटांत हातात. मग खाली राहिलेला लाल घोळका दुपारपर्यंत विस्कटतो आणि संध्याकाळी दिसत नाही. मावशीचा नवरा होता तोवर जुलैमध्ये असा गळ टाकणाऱ्याला तो पाळीवरून शिव्या घालायचा. शिव्या इथे देता येत नाहीत, पण प्राणिशास्त्राच्या दृष्टीनं त्या बिनचूक होत्या. आता शहरातून मोटारसायकलवर पोरं येतात, घोळका हेरतात, व्हिडिओ काढतात. मच्छीमार संस्थेचंही मरळीवर फारसं प्रेम नाही. ठेका रोहू-कतला-मृगलचा, बीज (म्हणजे पिल्लं) त्यांचं टाकायचं, आणि मरळ ते बीज खाते. ओडिशातल्या मत्स्य संशोधन केंद्रात १० जुलै १९५७ ला हिरालाल चौधुरींनी पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प, म्हणजे रोहू-कतलाच्या कुटुंबातल्या, माशांकडून तळ्यात अंडी घालून घेतली, तेव्हापासून देशातल्या तलावांचा हिशेब कतला-रोहूच्या किलोंत होतो. त्यात वाईट काही नाही, लोकांच्या पोटाला मासा मिळाला. फक्त त्या हिशेबात मरळ ही तूट म्हणून लिहिली जाते आणि बाजारात तीच सगळ्यात महाग.

आता बीजाचं आलंच आहे तर तेही सांगतो. प्लास्टिकच्या पिशव्यांत ऑक्सिजन भरून बोटुकली येतात. एका वर्षी कतला म्हणून आलेल्या पिशव्यांत काहीतरी वेगळं निघालं. कोणाकडून आलं होतं ते राहू द्या. कतलाच्या पिल्लाचं डोकं मोठं, तोंड वर वळलेलं, मिशा नाहीत. बिगहेड या चिनी कार्पचंही डोकं मोठं, तोंड वर, मिशा नाहीत. फरक खवल्यांत. कतलाचे खवले मोठे, स्पष्ट, बिगहेडचे इतके बारीक की बोट फिरवल्यावर कातडी गुळगुळीत लागते. पुरुषमंडळी पावत्या पाहत होती. मावशीच्या सुनेनं पिशवीतून एक उचललं, अंगठा फिरवला आणि म्हणाली, हे आमचं नोहे. भाव भांडून कमी झाला, बीज तलावात गेलंच. पण तिचा तो अंगठा मी पोरांना दर वर्षी सांगतो. वर्गातल्या पोरींपैकी दोघी-तिघी ढीवरांच्याच असतात, त्या माना खाली घालून हसतात.

गेल्या उन्हाळ्यात भाच्याचा दुपारी फोन आला, व्हिडिओवर. तिकडे सकाळ नुकतीच उजाडलेली. ‘मामाजी, शेपटीवर डोळा आहे. पीकॉक नाही, अंग लांब आहे. मरळच ना?’

‘डोळा जाऊ दे. उलटा कर.’

त्यानं केला. पोटाखालचा पंख लांब होता, पोटाचे पंख छातीजवळ. बोफिन बाद. चिनी मरळीच्या शेपटीवर डोळा नसतो आणि ती एवढ्या दक्षिणेला राहतही नाही, पण मला नुसत्या अंदाजावर सोडायचं नव्हतं. ‘टाचणी आहे का?’ टाचणी नव्हती, टूथपिक होतं. त्यानं पाठीचा पंख उचलला आणि कॅमेऱ्यासमोर मोजायला लागला. मध्येच चुकला, पुन्हा पहिल्यापासून. एक्कावन्न. आता पट्ट्यांची मरळही गेली. थोरलीच्या घरची, आपल्या वैनगंगेच्या डोहातल्यासारखी.

मासा तोवर बर्फात मेला होता. तिथल्या खात्याचंही म्हणणं तेच, पकडली तर परत जिवंत सोडू नका.

शेजारी ताई, म्हणजे त्याची आई, इतका वेळ गप्प बसून ऐकत होती. तिनं माझ्या हातून फोन घेतला.

‘राखेनं घासली का?’

‘आई, इथे राख कुठून आणू?’

‘मग मीठ अन् कणीक लाव. बुळबुळ गेल्याशिवाय सुरी लावू नको, हात कापशील. आलं आहे का घरात? सांबार?’

‘आहे.’ सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर.

‘जवस?’

जवसही होता, तिनंच मागच्या वेळी बॅगेत घालून दिलेला. मग तिनं त्याला मसाला भाजायला लावला, फोन गॅसजवळ उभा करायला लावला, आणि पुढचा तासभर मला त्या फोनला हात लावू दिला नाही.